सगळ्यांची नाडी अठ्ठ्याहत्तर

खंडेरावकाका नाडी पूर्ण एक मिनिट मोजतात. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते, पण सकाळी आठची मेट्रो पकडायची असताना तुमचं मनगट त्यांच्या हातात सापडलं की मिनिट केवढं मोठं असतं ते कळतं. शहाणी माणसं पंधरा सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. काका गुणत नाहीत. मध्येच तुम्ही बोललात, तर पुन्हा एकपासून सुरू. गाझियाबादेत, वैशाली नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत, बागेच्या फाटकाशी ते रोज सकाळी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बीपीचं मशीन घेऊन बसतात, फुकट. फिरायला आलेले गुप्ताजी आणि अरोराजी रांगेत उभे राहून "अंकल, जल्दी" म्हणत कुरकुरतात. काका घड्याळावरून नजर काढत नाहीत.

काका मूळचे जतकडचे. केंद्राच्या एका दलात चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होते. म्हणजे वर्दीतले कंपाउंडर. निवृत्त होऊन इथेच राहिले, कारण भीमाबाईकाकूंची साखर आणि साखरेने धरलेले डोळे यांचे उपचार दलाच्या कार्डावर दिल्लीत होतात. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं भाडेकरू, मी आणि धीरज. मी परतूरचा. आमच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा होता. गावात आता माझी ओळख 'दिल्लीला असतो' एवढीच आहे, आणि ती टिकवण्यासाठी मला दरवर्षी एका स्पर्धा परीक्षेत नापास व्हावं लागतं. धीरज खटावचा. त्याचे वडील जवान होते. तो नऊ वर्षांचा असताना त्यांची गाडी सुरुंगावर गेली. हे तो कुणाला सांगत नाही. मला त्याच्या कपाटातल्या फोटोमागे चिकटवलेल्या कात्रणावरून कळलं.

हिवाळ्यात रविवारी दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात उत्तरं लिहायचो. वेळ लावायला काका. नाडीचं तेच घड्याळ. आमच्या परीक्षेत नीतिशास्त्राचा पेपर असतो. त्यात एक प्रसंग देतात आणि विचारतात, तुम्ही असता तर काय केलं असतं. आम्ही आयुष्यात रिक्षावाल्याशीसुद्धा धड भांडलेलो नसतो, पण त्या पेपरात आम्ही कधी कलेक्टर असतो, कधी पोलीस अधीक्षक. वीस मिनिटांत न्याय करायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

त्या रविवारचा प्रसंग असा होता: तुम्ही पोलीस अधीक्षक आहात. तुमच्या ताब्यात एक दहशतवादी आहे. बाजारात बॉम्ब कुठे ठेवला आहे, हे त्याला माहीत आहे. तो बोलत नाही. सहकारी म्हणतो, चोप देऊन बोलता करू. काय कराल?

मी माझं ठेवणीतलं उत्तर लिहिलं. फायदे चार, तोटे चार, राज्यघटनेचं एक कलम, एका थोर माणसाचं वाक्य आणि शेवटी 'समतोल मार्ग'. वाचणाऱ्याला पटावं आणि त्यातून काहीच होऊ नये, अशी ती कला असते. धीरजने चार ओळी लिहिल्या होत्या. मारीन. माहिती काढीन. बाजार वाचवीन. मग राजीनामा देईन.

मी म्हटलं, यार, ह्याला विसातले दोन मिळतील.

"बाजार तर वाचेल," धीरज म्हणाला.

काका नेहमी फक्त वेळ सांगायचे, उत्तरांत पडायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी प्रश्नाचा कागद मागून घेतला, लांब धरून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यात लिवलंय, त्याला ठावं हाय. हे कुणी लिवलं?"

मी सांगितलं, काका, प्रश्नच तसा आहे. ते गृहीत धरायचं असतं.

"आमच्याकडं असं कुणी लिवून देत न्हवतं," काका म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बंद केलं. अजून सहा मिनिटं बाकी होती.

धीरज चिडला. त्याचं म्हणणं असं, की इथे गच्चीत बसून संत्री सोलताना सगळ्यांना दया येते. त्याच्या वडिलांच्या रस्त्यावर कुणी सुरुंग पुरला, हे त्या गावात दहा जणांना तरी माहीत असणार. त्यातल्या एकाला कुणी वेळेवर धरून ठोकलं असतं, तर आज त्याच्या घरात फोटोला हार घालावा लागला नसता. हे सगळं तो हळू आवाजात बोलला. त्याचा आवाज असा उतरला की मी चेष्टा बंद करतो.

काका उठून खाली गेले. परत आले ते एक लिफाफा घेऊन. पंधरा दिवसांपूर्वी तो टपालाने आला होता. काकूंना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. डोंगराळ मुलखातल्या एका न्यायालयाचं समन्स होतं. अकरा वर्षांपूर्वी ताब्यात असताना मेलेल्या एका माणसाची चौकशी पुन्हा उघडली होती. त्याच्या बहिणीने इतकी वर्षं पिच्छा सोडला नव्हता. साक्षीदारांच्या यादीत काकांचं नाव होतं आणि सोबत एका चिठ्ठीची नक्कल जोडली होती. चिठ्ठीवर काकांचं अक्षर होतं: नाडी अठ्ठ्याहत्तर, रक्तदाब एकशे वीस-ऐंशी, जखमा नाहीत, फिट.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्याने, मध्ये काकू चहा ठेवून गेल्या तेव्हा थांबून.

तिथल्या डोंगरात, दलाच्या तळावर आणलेल्या माणसाची तपासणी करून चिठ्ठी भरायची, पोलिसांच्या हवाली करताना पुन्हा भरायची, असा नियम होता. डॉक्टर दोन तासांवरच्या मुख्यालयात. ते शनिवारी येऊन गठ्ठ्यावर सह्या करत. सकाळी थंडीत बोटं वळायची नाहीत, वर गाडीवाला हॉर्न वाजवायचा. म्हणून काका रविवारीच शेगडीपाशी बसून आठवड्याच्या चिठ्ठ्या भरून ठेवायचे. सगळ्यांची नाडी अठ्ठ्याहत्तर. सगळे फिट. सकाळी फक्त नाव आणि तारीख घालायची. "समदे नर्सिंगवाले असंच करायचे," काका म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "म्हंजे, मी करायचो."

ऑक्टोबरात एकाला आणलं. दोन दिवस तो बोलला नाही. आत काय चाललंय हे तळावर सगळ्यांना ऐकू यायचं, म्हणून स्वयंपाकी रेडिओ मोठा लावायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने तोंड उघडलं. खालच्या रस्त्यावरच्या छोट्या पुलाखाली स्फोटकं होती. खरंच होती, वायर शेताच्या बांधापर्यंत नेलेली. त्याच सकाळी त्या पुलावरून एकोणीस जणांचा ट्रक जाणार होता. तळावर त्या दिवशी शिरा झाला. तळाचे साहेब जवानांच्या पंगतीला बसले. काकांनी त्या माणसाच्या चिठ्ठीवर नाव आणि तारीख घातली.

"त्याच्या पायाचे तळवे मी बगितले न्हाईत," काका म्हणाले. "बग म्हणलं असतं कुणी, तरी बगितले नसते."

धीरज म्हणाला, मग बरोबरच झालं ना? काकांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

फेब्रुवारीत दुसरा आणला. हा गनी, खेचरवाला. तळावरचा शिधा वरच्या चौकीपर्यंत खेचरांवर घालून न्यायचा. काकांची त्याची ओळख होती; त्याच्या एका खेचराच्या पाठीला जखम झाली होती, तेव्हा काकांनी माणसांच्या साठ्यातलं जांभळं औषध त्याला बाटलीभर दिलं होतं. कुणीतरी त्याचं नाव सांगितलं. ते चराईच्या भांडणातून सांगितलं होतं, हे उन्हाळ्यात कळलं. गनीला स्फोटकांचं विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो सांगू शकला नाही. आणि साहेबांना ऑक्टोबरचा अनुभव होता, की दोन दिवस गप्प राहणारा तिसऱ्या दिवशी बोलतो.

"म्हणून ते तिसऱ्या दिसाची वाट बघत बसले," काका म्हणाले. "पुलावाल्यानं खरं सांगितलं, त्येच गनीला भोवलं."

तिसऱ्या सकाळी सात वाजता गाडी उभी होती. बर्फ पडत होता. काकांनी खिशातून तयार चिठ्ठी काढली, नाव घातलं, तारीख घातली आणि गाडीवाल्याच्या हातात दिली. ज्या खोलीत गनी होता ती पंधरा पावलांवर होती. ते गेले नाहीत. अकरा वाजता, पोलीस ठाण्याच्या वाटेवर, गनी गाडीत मेला. पुढे चौकशी झाली तेव्हा सगळं त्या चिठ्ठीवर तरलं. सात वाजता नाडी अठ्ठ्याहत्तर, अंगावर जखम नाही. म्हणजे तळावर काही झालंच नाही, वाटेत पळायला गेला असेल, पडला असेल.

धीरजने संत्र्याची सालं गोळा करून कागदात बांधली. मग म्हणाला, एक चुकला हे वाईट झालं, काका, पण त्या एकोणीस जणांच्या पोरांना जाऊन विचारा.

"विचारायला कुटं जाऊ?" काका म्हणाले. "त्यातला एक मीच हाय. रजेवर निगालो हुतो. ट्रकात मागच्या बाकावर माजी ट्रंक ठिवलेली हुती."

धीरज उठला आणि खोलीत गेला. त्यानंतर चार दिवस तो खाली जेवायला आला नाही. काकू माझ्या हाती डबा द्यायच्या, डबा धुऊनपुसून रिकामा परत यायचा. तत्त्व तत्त्वाच्या जागी आणि काकूंचं पिठलं पिठल्याच्या जागी.

साक्ष दहा दिवसांवर होती. काकांपुढे दोन वाटा होत्या. कागदावर आहे तेच सांगायचं, आणि पूर्वीसारखं राहायचं. किंवा नाडी मोजली नव्हती असं सांगायचं; मग खोट्या नोंदीची केस त्यांच्यावरच यायची, आणि तिच्यामागोमाग पेन्शनवर व कार्डावर गदा येण्याची भीती. कार्ड म्हणजे काकूंचं इन्सुलिन आणि दर दोन महिन्यांनी डोळ्यात घ्यायचं इंजेक्शन. काकूंनी हे एकदाच, भाजी निवडताना, मला सांगितलं. वर म्हणाल्या, ह्यांनी त्या दिवशी मोजली असती तरी साहेबांनी त्याला सोडलं असतं का? मी एक जुडी पुढे ओढून निवडायला लागलो. मी समतोल मार्गवाला माणूस.

गुरुवारी साहेबांचा फोन आला. मी खालीच होतो. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. साहेब आता मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होते. आवाज मऊ. आधी काकूंच्या साखरेची चौकशी केली. काकूंना पहिल्यांदा दिल्लीत दाखल करून घ्यायला ह्याच साहेबांनी स्वतः येऊन सही केली होती; काकू ते विसरल्या नव्हत्या. मग साहेब म्हणाले, "खंडेराव, जो कागज पे है, वही बोलना है. नब्ज तो देखी थी ना आपने?"

काका खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, बनियनवर, टाचा जुळवून.

"जी, साहब," काका म्हणाले.

फोन बंद झाला. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला. मलाही बरं वाटलं, हे लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला निवेदन लिहायला बसवलं. तुझं लिवणं चांगलं हाय, म्हणाले. मी जीव ओतून मसुदा केला: 'माझ्या स्मरणानुसार, कामाच्या अतिरिक्त ताणामुळे नोंदींमध्ये काही तफावत राहिली असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.' तीन वर्षांच्या अभ्यासाचं सार त्या एका वाक्यात होतं. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"हे कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्ही.

"मी न्हाई," ते म्हणाले. त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सांगायला सुरुवात केली. आधी पूल. एकोणीस माणसं. साहेबांनी त्यांना वाचवलं. न पाहिलेले तळवे. मग गनी. न मोजलेली नाडी. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, सांगायचंच असलं तर पुलाचं घालू नका. बहिणीकडच्यांना वाटेल साहेबांची बाजू घेताय आणि साहेबांकडच्यांना वाटेल स्वतःची.

"त्या पुलावरनंच घरी आलोय मी," काका म्हणाले.

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने आतून विचारलं, कोर्टात जाताना स्वेटर कोणता घालणार.

साक्ष गाझियाबादच्या न्यायालयातल्या एका खोलीतून, व्हिडिओवर झाली. भिंतीवर पडदा, त्यावर चार चौकोन. एकात न्यायाधीश आणि त्यांच्याशेजारी टाइप करणारा, दोनांत दोन बाजूंचे वकील. चौथ्यात एक बाई, डोक्यावरून शाल घेतलेली, कॅमेऱ्याच्या फार जवळ बसलेली. ती गनीची बहीण. मी मागच्या बाकावर होतो. धीरज आला नव्हता.

बहिणीच्या वकिलाने चिठ्ठी पडद्यावर दाखवली आणि हे अक्षर तुमचं का, असं विचारलं. काका हो म्हणाले. मग विचारलं, नाडी कुणी मोजली?

"किसीने नहीं," काका म्हणाले.

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि स्वतः विचारलं, "तो फिर अठहत्तर क्यों लिखा?"

काकांनी पडद्यावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हुकूम सांगतील, साहेब सांगतील, ते दिवसच तसे होते म्हणतील. मी तेच लिहिलं असतं.

"सुबह जल्दी रहती थी, साहब," काका म्हणाले. "सबका अठहत्तर लिखता था."

मग ते पुलाचं सांगू लागले. एका वकिलाने हरकत घेतली, की हा विषय इथे नाही. गंमत म्हणजे दुसऱ्यानेही घेतली. अख्ख्या सुनावणीत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर. न्यायाधीशांनी दोघांकडे पाहिलं. काका म्हणाले, लिहून घ्या साहेब, तीही चिठ्ठी मीच भरली होती. न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा घातला आणि टाइप करणाऱ्याला म्हणाले, लिहा.

शेवटी चौथ्या चौकोनातली बाई काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. तिच्याकडचा आवाज बंद होता. कुणीतरी तो सुरू करेपर्यंत ती बोलून गप्प झाली होती, आणि पुन्हा बोल असं तिला कुणी म्हटलं नाही. काका पडदा काळा झाल्यावरही तिथेच बघत उभे होते.

बाहेर जिन्यात तिथल्या एका वकिलाने सांगितलं, अंकल, साक्षीदार म्हणून आत गेलात, आता आरोपी म्हणून बोलावतील. पत्ता बदलू नका. काका म्हणाले, पत्ता तोच राहील. ऑटोत साहेबांचा फोन वाजला. काकांनी तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, "जी, साहब" म्हणाले, मग नुसतं ऐकत राहिले. पलीकडून फार काही बोलणं झालं नसावं. मोहननगरच्या चौकात सिग्नल लागायच्या आत फोन बंद झाला होता.

घरी काकूंनी विचारलं, काय सांगितलंत. मोजली नाही म्हणून सांगितलं, काका म्हणाले. काकूंनी ताट वाढलं. त्या आठवड्यात त्यांनी फ्रिजच्या दारातल्या इन्सुलिनची पेनं दोनदा मोजली.

नोटीस अजून आलेली नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की काकू खिडकीत येतात.

साक्षीनंतरच्या रविवारी मी गच्चीवर सतरंजी टाकली. हवा इतकी वाईट होती की समोरची इमारत धुरकटलेली. काका घड्याळ घेऊन आले. थोड्या वेळाने धीरज खोलीतून बाहेर आला आणि त्याने काकांना विचारलं, पुलाचं सांगितलं का? काका म्हणाले, आधी तेच. तळव्यांचं? तेबी.

धीरज खाली बसला. "मला अजून वाटतं," तो म्हणाला, "पहिल्याला मारलं ते बरोबर होतं."

"मलाबी वाटतं कदीमदी," काका म्हणाले. "पर माजा जीव वाचलाय त्यात. माजी साक्ष कशी धरणार तू?"

धीरजने पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली. मग मागच्या वेळचाच प्रश्नाचा कागद काढला. मी म्हटलं, अरे, हा झालाय. त्याने मला झटकलं आणि नवीन पान घेतलं. काकांनी घड्याळ लावलं.

बरोबर वीस मिनिटांनी काका "टाइम" म्हणाले. धीरजच्या पानावर फारसं काही नव्हतं. प्रश्नातल्या 'हे त्याला माहीत आहे' ह्या शब्दांखाली मात्र त्याने पेनने रेघ ओढली होती, इतकी दाबून की कागद फाटला होता.

"अजून दोन मिनिटं द्या, काका," तो म्हणाला.

काकांनी दिली नाहीत. त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत मोजायला सुरुवात केली. धीरज बोलला नाही, म्हणून एकदाच मोजावी लागली.